भाड्याची एक खोली आणि घरातली चार माणसे

मुंबई असो, सुरत असो की बंगळुरू, नोकरीनिमित्त गाव सोडलेल्या कुटुंबाच्या वाट्याला बहुधा एक खोली आणि स्वयंपाकघरच येते. तेही भाड्याचे! खिळा ठोकायचा तर घरमालकाची परवानगी हवी आणि ११ महिन्यांनी सामान बांधायची टांगती तलवार. अशा घरात कुरबूर जागेवरून सुरू होते आणि हळूहळू माणसांवर घसरते. जागा वाढवणे आपल्या हाती नाही. पण ती वेळेनुसार वाटून घेणे नक्कीच आहे.

वेळेची वाटणी

मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. गिरणगावात तर कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत झोपत. त्या हालांचे कौतुक करायला नको, पण एकच जागा वेळेप्रमाणे वेगवेगळ्या कामी येते, एवढे त्यातून घेता येईल.

घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वेळा ठरवा. संध्याकाळी दोन तास मुलीचा अभ्यास असेल, तर टीव्ही बंद आणि पाहुण्यांशी गप्पा स्वयंपाकघरात. सासूबाई लवकर झोपत असतील, तर भांडी त्याआधीच घासून होऊ द्या. पती-पत्नींना निवांत बोलायला खोली मिळत नसेल, तर जेवणानंतर अर्धा तास फिरून या. यात वावगे काहीच नाही.

सामान किती?

जे एका टेम्पोत मावणार नाही, ते भाड्याच्या घरात घेऊच नका. खाली सामान ठेवता येईल असा पेटीपलंग, घडीचे टेबल आणि दाराआडच्या खुंट्या यांवर बरेच भागते. खोलीतच कपडे वाळत घालायची वेळ आली, तर खिडकी उघडी ठेवा. नाहीतर भिंतींना ओल येऊन बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास होतो.

स्वयंपाक आणि झोपणे एकाच खोलीत असेल, तर रात्री रेग्युलेटर आठवणीने बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका अंथरुणाच्या उंचीवर! वास आल्यास विजेच्या बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

कागद पक्का हवा

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदलेला नसेल, तर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अन्य राज्यांत नियम वेगळे आहेत. तेथे चौकशी करूनच सही करा.

अनामत रक्कम आणि ती परत मिळण्याची मुदत करारात लिहून घ्या. राहायला जाताना भिंती, नळ, दिवे यांची छायाचित्रे काढून दोघांकडेही ठेवा. घर सोडताना रंगाच्या नावाखाली पैसे कापण्यावरून होणारे बरेच तंटे त्यामुळे टळतात, आणि ती रक्कम पुढच्या घरासाठी हाताशी राहते.