मेंढी घ्या, वीट द्या

स्टुटगार्टला आल्यावर दोन वर्षं मी एका दुकानाला लहान मुलांच्या खेळण्यांचं दुकान समजत होते. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पावसाने गाठलं म्हणून आत शिरले. भिंतभर रचलेली खोकी, मधोमध लाकडी टेबल आणि चौथ्या गड्याची वाट पाहत बसलेली तिघं. दुकानाच्या मालकीणबाईंनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. माझं जर्मन तेव्हा दूध-पाव घेण्यापुरतं होतं; तरी बसले.

टेबलावर ‘काटान’ मांडला होता. 19 षट्कोनी तुकड्यांचं बेट, तुकडे दर डावाला नव्याने मांडायचे. दोन फाशांची बेरीज येईल त्या आकड्याच्या तुकड्याला लागून ज्याची वस्ती, त्याला तिथलं लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिज मिळतं. 6 आणि 8 हे आकडे लाल असतात, कारण फाशांच्या 36 शक्यतांपैकी प्रत्येकी 5 त्यांच्या वाट्याला येतात. 2 आणि 12 ला एकेकच. सर्वांत जास्त वेळा येतो तो 7, आणि तो आला की माल कुणालाच मिळत नाही, दरोडेखोर मात्र हलतो. 10 गुण आधी करेल तो जिंकला.

हे गणित सुंदर आहेच, पण मला धरून ठेवलं ते देवघेवीने. रस्ता बांधायला वीट हवी, ती शेजाऱ्याकडे आहे, त्याला मेंढी, म्हणजे लोकर, हवी आहे. म्हणजे बोलावंच लागतं. भाषेच्या वर्गात सहा महिने न सुटलेली जीभ त्या टेबलावर तासाभरात सुटली. शिवाय शेवटपर्यंत कुणी बाद होत नाही. हरत असलेल्याच्या हातातही कुणाला तरी हवी असलेली वीट असतेच.

पुढच्या शनिवारी तो खेळ विकत घेतला, तेव्हा खोक्यावर पुस्तकावर असावं तसं नाव दिसलं: क्लाउस टॉयबर. दंततंत्रज्ञ म्हणून काम करणारा हा माणूस घराच्या तळघरात खेळ रचायचा आणि घरच्यांबरोबर खेळून पाहायचा. 1995 मध्ये काटान आला आणि त्याच वर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. समीक्षकांचं मंडळ 1979 पासून हा पुरस्कार देतं. खोक्यावरची पुरस्काराची लाल सोंगटी इथली कुटुंबं विश्वासाने शोधतात.

खोक्यावरचं नावही सहज आलेलं नाही. 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यात काही रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या: खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल, तर खेळ मिळणार नाही. जर्मनमध्ये खेळ रचणाऱ्याला खेळाचा ‘लेखक’च म्हणतात. हा शब्द मला फार योग्य वाटतो. चांगल्या खेळातही एक मन आपल्याशी बोलत असतं.

पुढे शनिवार ठरूनच गेला. एकदा खालच्या फळीवरचं एक खोकं उघडलं आणि थबकले. पट ओळखीचा होता: अधिकच्या चिन्हासारखा, मधे घर, चार रंगांच्या सोंगट्या. ‘मेन्श एर्गेरे डिश निश्त’, म्हणजे ‘माणसा, चिडू नकोस’. म्युनिकच्या योसेफ श्मिट यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मुलांसाठी बनवला आणि पहिल्या महायुद्धात त्याचे 3000 संच लष्करी रुग्णालयांना दिले. जखमी सैनिक त्यावर वेळ काढू लागले आणि खेळ घरोघरी पोचला. त्याचं मूळ मात्र आपल्याकडची पचिशी, पंचवीसच्या दानाची.

आईला फोन करून आजीचा कापडी पट आणि कवड्या मागवल्या. दिवाळीच्या आठवड्यात तो पट दुकानातल्या टेबलावर पसरला. मालकीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “हा कुणी लिहिला?” मला सांगता येईना. त्यांनी कापड हळूच उलटं केलं. मागे आजीच्या हातचे लाल टाके होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, पट पुन्हा सुलटा केला आणि कवड्या उचलल्या.