कामाचे तास निम्मे झाले, आता बेकारी भत्ता मिळेल का?

बेंगळुरूत कारखान्यात काम करणारे आपले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "कंपनीकडे ऑर्डर नाहीत. आता रोज अर्धा दिवसच काम आणि अर्धाच पगार म्हणतात. ईएसआयचा बेकारी भत्ता मिळेल का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही मिळणार. पण एवढं ऐकून उठू नका. भत्ता मिळत नसला तरी मालकाकडून काही पैसे घ्यायचा हक्क तुम्हाला असू शकतो. आणि याच काळात एक चुकीची सही केलीत, तर पुढे मिळणारा भत्ताही हातचा जाईल.

आधी भत्ता का नाही ते बघू. ईएसआयची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' १ जुलै २०१८ ला सुरू झाली. ज्या दिवसांसाठी पैसे मागायचे, त्या दिवसांत तुम्ही बेरोजगार असायला हवं, ही तिची पहिली अट. अर्धा दिवस का होईना, तुम्ही कामावर आहात, मस्टरवर तुमचं नाव आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही बेरोजगार नाही. काही देशांत तास कमी झाले तरी सरकार थोडा भत्ता देतं. आपल्याकडे अर्ध्या बेकारीचा भत्ता नाही.

मग काय आहे? ले-ऑफची भरपाई. ती ईएसआय देत नाही, मालक देतो. समजा, तुम्ही पीण्यातल्या कारखान्यात सकाळी वेळेवर हजर झालात आणि तुम्हाला सांगितलं, "आत्ता काम नाही, दुपारच्या सत्रात या." दुपारी काम मिळालं, तर सकाळचा अर्धा दिवस ले-ऑफ धरला जातो. त्या वेळेच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के रक्कम मालकाने द्यायची असते. दोन्ही मिळून तुमचे दिवसाला ६०० रुपये होत असतील, तर केलेल्या कामाचे ३०० आणि ले-ऑफचे १५०, असे ४५० रुपये हातात यायला हवेत. आणि हजर झाल्यापासून दोन तासांत कामच दिलं नाही, दुपारीही बोलावलं नाही, तर अख्खा दिवस ले-ऑफ.

हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही तो आहे. अटी मात्र नीट ऐका. कारखाना, खाण किंवा मळा हवा आणि तिथे किमान ५० कामगार हवेत. तुमची वर्षभराची सलग नोकरी हवी. बदली आणि हंगामी कामगारांना हे लागू नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज ठरलेल्या वेळी हजेरी लावायला जायचं. "काम नाही तर कशाला जायचं" म्हणून घरी बसलात, तर भरपाई गेली.

किमान वेतनाचा मुद्दा वेगळा. गारमेंटसारख्या उद्योगांत बऱ्याच जणांचा पगार किमान वेतनाच्या आसपासच असतो. तुमचं किमान वेतन रोजावर ठरलेलं असेल आणि तुमची काम करायची तयारी असूनही मालकाने लवकर घरी पाठवलं, तर त्या दिवसाचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. वेतन संहितेत हे स्पष्ट आहे. शिवाय कामाच्या तासांत बदल करायचा, तर मालकाने कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यायची असते. व्हॉट्सॲपवर रात्री निरोप टाकला म्हणजे नोटीस झाली नाही.

आता त्या सहीकडे येऊ. अर्ध्या पगारात भागत नाही म्हणून माणूस वैतागतो. ऑफिसातून कागद पुढे येतो, 'स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' सही करू नका. स्वेच्छानिवृत्ती, गैरवर्तनाची शिक्षा किंवा वयोमानाने निवृत्ती, यांपैकी कशानेही नोकरी गेली, तर अटल योजनेची मदत मिळत नाही.

तुम्हाला खरोखर काढून टाकलं, तर त्या योजनेत आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के मिळतात. बेकार होऊन ३० दिवस झाले की स्वतः ऑनलाइन दावा करता येतो, मालकाची शिफारस लागत नाही. त्याआधीची दोन वर्षं ईएसआयखालची नोकरी हवी. शेवटच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. २०२४ मध्ये मिळालेली मुदतवाढ ३० जून २०२६ पर्यंतची आहे, म्हणून दावा करताना योजनेची तारीख तपासा.

हा ७८ चा आकडा लक्षात ठेवा. सहामाहीत २६ आठवडे असतात. आठवड्याला तीन दिवस काम धरलं, तर बरोबर ७८ दिवस भरतात. तीनाचे दोन झाले, की अट मोडली.

रक्कमही घटते. चार सहामाहींची एकूण कमाई भागिले ७३०, ही तुमची रोजची सरासरी. दोन वर्षं महिना १८,००० असेल, तर ९० दिवसांचे सुमारे २६,६३० रुपये होतात. त्यातलं शेवटचं वर्ष ९,००० वर काढलं असेल, तर सुमारे १९,९७०. म्हणजे अर्ध्या पगाराची झळ पुढच्या भत्त्यालाही लागते.

महिना २१,००० च्या वर पगार असेल, तर सहसा ईएसआय लागू नसते. आयटीतल्या मंडळींना म्हणून यातलं फारसं काही मिळत नाही. त्यांनी नेमणूकपत्रातले तास आणि पगार आधी वाचावेत.

आजच तीन कामं करा. हजेरीच्या वेळा रोज वहीत लिहा. पगाराच्या पावत्या जपून ठेवा. आणि तास कमी केल्याचं मालकाकडून लेखी मागा. कार्मिक भवनात तक्रार घेऊन जायची वेळ आली, तर तुमच्या बाजूने हे कागदच बोलतील.