दुधाच्या पेल्यातील दिवा

रहस्यपटातील भय अंधारातून उपजते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु हा समज किती अपुरा आहे, हे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४१ साली ‘सस्पिशन’ या चित्रपटात केवळ एका दुधाच्या पेल्याच्या आधारे दाखवून दिले. पती आपल्या जिवावर उठला आहे या शंकेने ग्रासलेली नायिका माडीवर अंथरुणाला खिळली आहे, आणि तो पती, कॅरी ग्रँट, पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने सावकाश वर येत आहे. तावदानांची छाया भिंतीवर कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरलेली आहे, त्याचा चेहरा काळोखात आहे, आणि साऱ्या चौकटीत लख्ख उजळलेली वस्तू एकच, ते दूध. ही झळाळी साधावी म्हणून हिचकॉक यांनी प्रत्यक्ष पेल्यातच विजेचा दिवा दडवण्याची तजवीज केली होती.

या युक्तीत रहस्यपटाच्या प्रकाशयोजनेचे मर्म सामावले आहे, असे मला वाटते. प्रेक्षकाची दृष्टी स्वभावतःच चौकटीतील सर्वांत तेजस्वी वस्तूकडे धावते; तिला आवरणे त्याच्या अखत्यारीतले नसते. ज्या माणसाचा हेतू जाणण्यासाठी आपण अधीर झालेलो असतो त्याच्या मुद्रेवरून काहीच वाचता येऊ नये, आणि जिच्यात कदाचित मृत्यू कालवलेला आहे त्या वस्तूवरून मात्र नजर हटू नये, अशी ही दुहेरी कोंडी आहे. नुसता काळोख असता, तर आपण दचकलो असतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत श्वास रोखून बसलो नसतो.

प्रकाश जसा दृष्टीला हुकूम फर्मावतो, तसा कॅमेरा तिला अंतर नेमून देतो. ‘नोटोरियस’ (१९४६) या चित्रपटात रिओमधील एका प्रासादतुल्य घरात मेजवानी रंगली आहे. छायालेखक टेड टेट्झलाफ यांचा कॅमेरा दिवाणखान्याच्या उंचीवरून, पाहुण्यांची सारी वर्दळ नजरेखाली घालीत, कोठेही खंड न पडू देता खाली उतरत जातो आणि अखेरीस इंग्रिड बर्गमन यांच्या मुठीशी येऊन थांबतो. त्या मुठीत नवऱ्याच्या जुडग्यातून काढलेली, मद्याच्या तळघराची किल्ली आहे. हेच दृश्य दोन तुकड्यांत, प्रथम मेजवानी आणि मग किल्ली, असे दाखवले असते तर केवळ माहिती मिळाली असती. सलग उतरण्यामुळे मात्र एवढ्या माणसांच्या गर्दीत ही लहानशी वस्तू किती उघड्यावर आहे याची जाणीव होते, आणि आपण त्या चोरीचे भागीदार बनतो.

छायाप्रकाशाच्या या कलेची एक मोठी परंपरा जर्मनीतील मूकपटांची. तिचे तंत्र असे: मुख्य दिव्याने पडलेल्या सावल्या सौम्य करण्यासाठी सामान्यतः दुसरा दिवा लावतात; तो अगदी मंद ठेवला किंवा काढूनच टाकला, की चेहऱ्याची एक बाजू काळोखात बुडते आणि ओळखीचा माणूसही अर्धा अपरिचित होतो. ‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) रॉबर्ट क्रास्कर यांनी युद्धोत्तर व्हिएन्नातील ओल्या फरसबंद रस्त्यांवर हा काळोख पसरला आणि कॅमेराही तिरका धरला, त्यामुळे सरळ भिंतीसुद्धा विश्वासार्ह वाटेनाशा झाल्या.

आपल्या मुंबईचा या परंपरेशी संबंध केवळ अनुकरणाचा नव्हे. म्युनिकहून आलेले छायालेखक योझेफ विर्शिंग मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये काम करीत, दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले, आणि सुटकेनंतर त्याच संस्थेसाठी त्यांनी कमाल अमरोहींच्या ‘महल’चे (१९४९) चित्रीकरण केले. ओसाड वाड्यातील खांब, झुंबरे, दूरवर झोक्यावर दिसणारी मधुबाला आणि तिच्यामागे ओढला जाणारा अशोककुमार, या साऱ्यांत विर्शिंग यांनी प्रकाश इतका कृपणपणे खर्चिला आहे की ती स्त्री देहधारी आहे की छाया, याची खातरजमा करू देणारा पुरेसा उजेड आपल्याला मिळतच नाही. ती माळ्याची मुलगी आहे, असा लौकिक खुलासा कथा पुढे करते. तो ठाऊक असतानाही चित्रपट पुन्हा पाहताना मन अस्वस्थ होते, आणि याचे श्रेय मी कथानकापेक्षा विर्शिंग यांनाच देईन.