चाळ विकली जाते तेव्हा

गिरगावातील एखादी चाळ विकली जाते तेव्हा नेमके काय विकले जाते? खरेदीखतात जमिनीचे क्षेत्रफळ आणि चतुःसीमा नमूद असतात. परंतु त्या चतुःसीमांच्या आत वीस-तीस बिऱ्हाडे दोन-तीन पिढ्या नांदत आलेली असतात. नवा मालक भिंती, जिने आणि छप्पर यांचा धनी होतो. खोल्यांचा ताबा मात्र त्याला मिळत नाही. मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क बदलत नाही, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. म्हणूनच चाळीची खरेदी हा निव्वळ दोन व्यक्तींमधील व्यवहार मानता येणार नाही.

या गुंत्याचे मूळ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. जागेच्या टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते. तथापि, १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण धरून ते अर्धशतकाहून अधिक काळ गोठवून ठेवणे हे शहाणपणाचे नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये या तरतुदी अवाजवी ठरविल्या. २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली खरी. पण मुळातच नाममात्र असलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे काय? चुन्याचा हात फिरविण्यापुरतेही उत्पन्न मालकाच्या हाती उरले नाही. त्याची भरपाई पागडीने होऊ लागली आणि खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना मालकाचा वाटा ठरून गेला. त्याच कायद्याने या प्रथेला मान्यताही दिली.

दुरुस्तीचा भार अखेर शासनाने उचलला. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि मुंबई शहरातील सुमारे १९ हजार ६०० इमारतींवर उपकर बसला. परंतु टेकू लावून इमारतीचे आयुष्य किती वाढणार? २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली, २०१९ मध्ये डोंगरीतील केसरबाई इमारत. मृत्यूला मालक आणि भाडेकरू हा भेद कळत नाही. पण अशा इमारतींत प्राण जातात ते बहुधा राहणाऱ्यांचेच.

अशी इमारत विकत कोण घेतो? भाड्यासाठी तर कोणीच नाही. खरेदीदाराची दृष्टी असते ती खालच्या जमिनीवर आणि पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्रावर. एक्कावन टक्के रहिवाशांची संमती मिळाली की योजना पुढे सरकते आणि प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचे मालकीचे घर देणे बंधनकारक असते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावातून धावू लागल्यावर या जमिनीचे मोल आणखी वाढले, यात नवल नाही.

चाळीच्या आठवणींत रमून पुनर्विकासाला विरोध करणाऱ्यांत आम्ही नाही. गॅलरीच्या टोकाचा सामायिक संडास ज्यांनी वापरला नाही, त्यांनीच त्या जीवनाचे गोडवे गावेत! ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला, त्या मुलुखातील माणसाला स्वतःचे न्हाणीघर असलेले घर हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. आमची हरकत वेगळी आहे. चाळ एका विकासकाकडून दुसऱ्याकडे विकली जाते, काम रखडते, ठरलेले भाडे थकते आणि खोली रिकामी करून गेलेली म्हातारी माणसे उपनगरातील परक्या खोलीत वाट पाहत संपतात.

रहिवाशांनीच चाळ विकत घ्यावी, हा विचार नवा नाही. सत्तर टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी, मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत उपकरप्राप्त इमारत संपादन करण्याची तरतूद १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात झाली. हेतू चांगला होता. किंमत मात्र मालकावर अन्याय करणारी होती. गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे गिरगावच्या जमिनीचे मोल नव्हे. मालक न्यायालयात गेले आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा बहुमताचा निर्वाळा दिला. मालकाला फुकटात बाजूला सारण्याचा मार्ग यापुढे सुकर राहणार नाही, हे उघड आहे.

आमच्या मते यातून निघणारा बोध एकच आहे. मालकाला रास्त मोबदला आणि रहिवाशाला पहिला अधिकार, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. चाळ बाहेरच्या खरेदीदाराला देण्यापूर्वी ती त्याच किमतीस रहिवाशांच्या संस्थेला देऊ करण्याचे बंधन मालकावर असावे. निर्णयासाठी संस्थेला पुरेशी मुदत मिळावी. आणि पुढील बांधकामातून फेडता येईल असे कर्ज सहकारी बँकांनी शासनाच्या हमीवर द्यावे. संस्था नको म्हणाली, तर मालकाने खुशाल अन्यत्र विकावे. मात्र तेव्हाही नव्या खरेदीदाराने पर्यायी जागेच्या भाड्याची रक्कम आगाऊ बँकेत ठेवल्याखेरीज एकही खोली रिकामी होता कामा नये.

टेकूंवर उभ्या असलेल्या इमारतींना फार काळ थांबता येत नाही. शासनाने निर्णय घ्यायचा, तो पुढचा पावसाळा येण्यापूर्वी घ्यावा.