टरफल राखणारी गिरणी

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या हौशी माणसांच्या गॅरेजमध्ये एक छोटी गिरणी असते. प्लायवूडच्या टेबलावर बोल्टने आवळलेले दोन पोलादी रोलर, वर पत्र्याचं नरसाळं, खाली प्लास्टिकची बादली आणि बाजूला बऱ्याचदा जुन्या वॉशिंग मशीनमधून काढलेली मोटर. तिच्यातून निघणारं दळण आपल्याकडच्या गिरणीवाल्याला दाखवलं तर तो म्हणेल, परत टाका. टरफलं जवळजवळ अख्खी, आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला, पीठ मूठभर. बिअरला नेमकी अशीच भरड लागते. ती दर खेपेला तशीच पडावी, एवढ्यासाठी ही माणसं मोटर, पुल्या आणि पट्टा जुळवत बसतात.

भरडायचं असतं ते माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. ज्या घरात नाचणीला मोड आणून सत्त्व करतात तिथे ही क्रिया नव्याने सांगायला नको. मोड येताना दाण्यात अमायलेज ही विकरं तयार होतात. माल्टची भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरली की ही विकरं आतल्या पिष्टाची साखर करतात. दाणा फुटलेला नसेल तर आत पाणी पोचत नाही आणि पिष्ट तिथेच अडकून राहतं. मग बारीकच का दळू नये? कारण तासाभराने तो गोड रस गाळून घ्यायचा असतो. भांड्याच्या तळाला जाळी असते खरी, पण गाळण्याचं काम तिच्यावर बसलेला टरफलांचा थर करतो. टरफलांचा चुरा झाला की तो थर चिकट लगदा होऊन बसतो आणि तोटीची धार बारीक होत होत थांबते. अशा वेळी भाताची तुसं मिसळून थर मोकळा करतात, पण तो उपाय झाला. मूळ काम गिरणीचं.

काही मोठ्या ब्रुअरींमध्ये माल्टचं सरळ पीठ करतात. तिथे हातोड्यांची गिरणी असते आणि गाळायला कापडी पडद्यांचं दाबयंत्र, त्यामुळे टरफलाची गरजच उरत नाही. आपली घरघंटी त्याच हातोड्यांच्या जातीची. तिच्यात माल्ट घातलं तर झकास पीठ मिळेल, पण घरच्या भांड्यातून एक लिटरही गाळून निघणार नाही.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाईन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरून काढली : एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००, आणि विक्री अजिबात नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय असं काही करणं गुन्हा आहे, म्हणून हा लेख तिकडच्याच गॅरेजमध्ये राहतो.) त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात चार्ली पपाझियन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन काढली. पपाझियन शिक्षणाने अणुअभियंता. घरच्या बिअरवर ज्यांचं पुस्तक आज घरोघरी असतं ते जॉन पामर धातुतज्ज्ञ. या छंदात हत्यारं स्वतः बनवण्याची ओढ पहिल्यापासून आहे, आणि मला तरी तीच त्याची सर्वांत लोभस बाजू वाटते.

सुरुवातीला हाताशी होती ती कोरोना नावाची हातगिरणी, मुळात मका दळायला केलेली. लोखंडाच्या दोन खरबरीत तबकड्या, एक स्थिर आणि दुसरी फिरणारी. दाणा त्यांच्यामध्ये रगडला जातो, म्हणून टरफलही फाटतं. रोलरमध्ये दाणा रगडला जात नाही, दाबला जातो. दोन्ही रोलर आतल्या बाजूला फिरतात, त्यांच्या अंगावरचे बारीक खाचखळगे दाण्याला पकडून फटीत ओढतात, दाणा चेपतो, आतला ठिसूळ भाग फुटतो आणि टरफल उघडून बाहेर पडतं. रोलर जितका जाड तितका तो दाणा सहज ओढून घेतो. म्हणून सव्वा इंचीपेक्षा दोन इंची रोलरची गिरणी कधीही चांगली, खिशाला परवडत असेल तर.

५ गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर बिअरला साडेचार-पाच किलो माल्ट लागतं. एवढं हाताने फिरवून भरडता येतं, पण हात दमला की वेग बदलतो. बरेच जण दांड्याच्या जागी ड्रिल मशीन लावतात. ते चालतं, पण ड्रिल तापतं, आणि घोडा किती दाबलाय त्यावर वेग ठरतो. म्हणून मोटर. तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटाला १,७२५ फेरे घेते. या वेगाने रोलर फिरवला तर दाणा पकडला जाण्याऐवजी वर उडत राहतो आणि टरफलाच्या चिंध्या होतात. गिरणीला दोनशेच्या आसपास फेरे पुरतात. मोटरवर १.५ इंची पुली आणि गिरणीवर १२ इंची घेतली की वेग आठपटीने उतरून २१५ वर येतो, आणि घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला तर पीळ आठपटीने वाढतो. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर मग पाच किलो माल्ट दोन-चार मिनिटांत आरामात संपवते.

दुसरा मार्ग गिअरमोटरचा. ती मूळचीच हळू फिरते, पुल्या लागत नाहीत, जागा वाचते. तरी मी पट्ट्याच्याच बाजूचा आहे. माल्टच्या पोत्यात कधीमधी खडा येतो. पट्टा अशा वेळी घसरतो, चर्र आवाज करतो आणि आपण बटण बंद करतो. गिअरमोटर थेट जोडलेली असेल तर सगळा जोर कपलिंगवर किंवा रोलरच्या अंगावर जातो. पट्टा ताणताना मात्र हात आखडता घ्यावा. अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून कडक ओढला तर गिरणीच्या शाफ्टवर एकाच बाजूने भार येतो आणि पितळी बुश लवकर झिजतात. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून पाहायचं. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट केलेल्या भागावरच बसवायचा, नाहीतर पुली शाफ्टवर नुसती गरगरते.

भरलेलं नरसाळं घेऊन मोटर चालू करू नये. आधी रोलर फिरू द्यावेत, मग दाणा सोडावा. साध्या मोटरचा सुरुवातीचा जोर कमी असतो. कपॅसिटरवर सुरू होणारी घेतली तर ही चिंता कमी होते. मोटर बंदिस्त अंगाची हवी, कारण माल्टची धूळ सगळीकडे शिरते.

घरगुती गिरण्यांत बहुतेक वेळा एकच रोलर मोटरला जोडलेला असतो. दुसरा दाण्यांच्या घर्षणाने आपोआप फिरतो. त्याच्या बुशमध्ये धूळ साचली की तो अडतो, फिरणारा रोलर नुसता दाण्यांवरून घासत राहतो आणि भरड पडायची थांबते. नवख्यांची निम्मी रडकथा ही असते. बुश साफ करून तेलाचा एक थेंब पुष्कळ होतो. काही जण रोलरच्या टोकाला रबरी ओ-रिंग चढवतात, म्हणजे एकाचं फिरणं दुसऱ्याला लागतं.

आता फट. नव्या गिरणीत ती साधारण ०.०३९ इंच, म्हणजे एक मिलिमीटर ठेवलेली असते. तपासायचं फिलर गेजने, जो गॅरेजचा मेकॅनिक व्हॉल्व्हचं सेटिंग करताना वापरतो. दोन्ही टोकांना पाती सारखीच अडकली पाहिजे. एक बाजू सैल राहिली तर तिकडून अख्खे दाणे निसटतात. गव्हाला टरफल नसतं आणि दाणा टणक, म्हणून त्याच्यासाठी फट आवळावी लागते. गेजवर विसंबूनही पहिली मूठभर भरड तळहातावर पसरून बघायचीच. अख्खा दाणा दिसला तर फट कमी, टरफलाचा भुगा दिसला तर जास्त.

टरफल आणखी राखायचं असेल तर भरडण्याआधी माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी फवारतात. पाच किलोला १०० मिलिलिटर. हलवून दहा मिनिटं ठेवलं की टरफल चिवट होतं आणि आतला दाणा कोरडाच राहतो. पाणी जास्त पडलं तर रोलरला लगदा चिकटतो, तेव्हा मोजूनच घ्यावं.

धुळीबद्दल हयगय नको. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधली वॉशबर्न ही पिठाची प्रचंड गिरणी २ मे १८७८ रोजी पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झाली. १८ माणसं गेली. पाच किलोच्या कामात तेवढी धूळ होत नाही, तरी ठिणगी उडणारी उघडी मोटर नरसाळ्याच्या खाली ठेवू नये. माल्टच्या धुळीत दूध आंबवणाऱ्या जातीचे जिवाणूही असतात. थंड झालेल्या रसात ती धूळ पडली तर बिअर आंबट होते, म्हणून गिरणी आंबवण्याच्या भांड्यापासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत चालवतात. काम झालं की पुलीवरची जाळी काढण्याआधी प्लग ओढायचा आणि रोलर कोरड्या ब्रशने झाडायचे. पाणी लावायचं नाही. साधं पोलाद रातोरात गंजतं.