सुरक्षित दूरप्रवेश : विन्यास-फाइलींचे स्थान

दूरच्या संगणकात सांकेतिक रूपांतर केलेल्या संदेशांद्वारे प्रवेश मिळवून देणाऱ्या प्रणालीस संक्षेपाने ‘एसएसएच’ म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जालावर संकेतशब्दांची चोरी झाल्यावर तातू यूलनेन यांनी १९९५ मध्ये ती रचली. आज सर्वत्र रूढ असलेले ‘ओपनएसएसएच’ हे तिचे रूप १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून निघाले.

वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेतील ‘.एसएसएच’ या उपनिर्देशिकेत विन्यासाची फाइल, खाजगी किल्ल्या, परिचित संगणकांची नोंद आणि प्रवेशास अधिकृत ठरविलेल्या सार्वजनिक किल्ल्यांची फाइल असते. अशा टिंबाने सुरू होणाऱ्या नावांची गृहनिर्देशिकेत दाटी होते. म्हणून विन्यास ‘.कॉन्फिग’ या एकाच निर्देशिकेत ठेवण्याचा ‘एक्सडीजी’ संकेत पुढे आला. ओपनएसएसएचने तो स्वीकारलेला नाही. ‘होम’ हे परिवेश-चल बदलूनही कार्य साधत नाही, कारण गृहनिर्देशिकेचा पत्ता ही प्रणाली वापरकर्त्यांच्या नोंदवहीतून घेते. चल कोणासही बदलता येते, नोंदवही प्रशासकाच्या ताब्यात असते.

‘-एफ’ या विकल्पाने विन्यासाची दुसरी फाइल देता येते. मात्र त्यामुळे संगणकाची सामाईक विन्यास-फाइलही दुर्लक्षिली जाते, आणि किल्ल्या व परिचित संगणकांची नोंद जुन्याच जागी राहतात; त्यांचे पत्ते नव्या फाइलीत स्वतंत्रपणे द्यावे लागतात. मूळ फाइलीत ‘इन्क्लूड’ ही एकच ओळ ठेवून बाकी मजकूर अन्यत्र नेणे अधिक सोयीचे. ही सोय २०१६ पासून आहे.

खरे महत्त्व सेवादायी संगणकावरील अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीस आहे. एकदा खात्यात शिरलेला घुसखोर तीत स्वतःची किल्ली नोंदवू शकतो. मग संकेतशब्द बदलूनही त्याचा मार्ग खुलाच राहतो. शिवाय गृहनिर्देशिका सांकेतिक रूपात बंद असेल, तर प्रवेशापूर्वी ती फाइल वाचताच येत नाही. यासाठी ‘ऑथराइज्डकीजफाइल’ या निर्देशाने तिचा पत्ता प्रशासकाच्या मालकीच्या निर्देशिकेत नेतात. पत्त्यातील ‘%यू’ या खुणेच्या जागी वापरकर्त्याचे नाव येते. फाइल वा तिच्या वरची निर्देशिका इतरांना लिहिण्यास खुली असल्यास किल्ली नाकारली जाते. उलट, फाइल केवळ प्रशासकासच वाचता येत असेल तरीही प्रवेश होत नाही, कारण ती वापरकर्त्याच्या अधिकाराने वाचली जाते. अशा चुकीने प्रशासक स्वतःच बाहेर राहण्याचा धोका असतो. त्यामुळे चालू असलेले एक सत्र बंद न करता दुसऱ्या सत्रातून नव्या स्थानाची चाचणी घेतात.