उंदरानं पोखरलेला नारळ

सर नुकतीच ओसरली आहे आणि लक्षद्वीपमधल्या कदमत बेटाच्या पांढऱ्या वाळूत पाणी मुरूनही गेलंय. प्रवाळाची वाळू पाणी धरत नाही. डबकं नाही, गटार नाही. मग डास पैदा होतात कुठे, असं मी विचारतोय तोवर आशा कार्यकर्ती माडाखाली वाकते आणि एक नारळ उचलून माझ्या कानाशी हलवते. आत पाणी डचमळतं.

नारळाला डोळ्याच्या बाजूला भोक आहे. उंदरानं माडावरच पोखरलेला, आतलं खोबरं खाऊन संपवलेला, मग खाली पडून पावसानं भरलेला. ती तो पांढऱ्या ताटात उपडा करते. मळकट पाणी पसरतं आणि क्षणभरानं त्यात वळवळ सुरू होते. अळ्या. पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिस अल्बोपिक्टसच्या. डेंगी आणि चिकुनगुन्या दोन्ही वाहून नेणारा हा डास लक्षद्वीपमध्ये अशाच नारळांत मुबलक वाढतो, आणि इथे माड मोजायचे कुणी?

ताट, टॉर्च, ड्रॉपर, खडू, रजिस्टर. तिची सगळी सामग्री एका कापडी पिशवीत मावते. घर तपासून झालं की दारावर खडूनं तारीख. ड्रम, फ्रिजमागचा ट्रे, पाणी साठवायची टाकी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवरच्या ताडपत्रीचा खोलगट भाग, सगळीकडे ती वाकून बघते. शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा आकडा आरोग्य निरीक्षक संध्याकाळी काढतो. त्याला ब्रेटू इंडेक्स म्हणतात. नारळाला भांडं धरायचं का, यावर दोघांचा जरा वाद होतो. ती जिंकते.

मागच्या पडवीत सावलीला एक काळा रंगवलेला डबा टांगलाय. तळाशी पाणी, कडेला कापडाची पट्टी. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कापडावर अंडी घालते. निरीक्षक पट्टी भिंगाखाली धरतो: काळी खसखस चिकटावी तशी. मागच्या आठवड्यापेक्षा दाट आहेत. डास अजून दिसायचे आहेत, पण ते येणार हे या कापडानं आधीच सांगितलंय. घरमालक हसून म्हणतो, "सरकार आता डासांसाठी बाळंतघरं बांधतंय!"

पुढच्या घरी ताप आहे. शाळकरी मुलगा, कालपासून. रजिस्टरात ती एकेक रकाना भरते: ताप कधी चढला, सांधे दुखतात का, पुरळ, डोळ्यांची लाली. मग मुलाच्या आजीकडे वळून वेगळंच काही विचारते. निरीक्षक मला हिंदीत सांगतो, "शेजारी कोण आजारी आहे, ते आजीला आमच्याआधी कळतं."

डोळ्यांचा रकाना मला महत्त्वाचा वाटतो, कारण मला याप बेट आठवतं. मायक्रोनेशियातल्या त्या बेटावर 2007 मध्ये तापाची साथ आली. झटपट चाचण्यांचा कौल डेंगीकडे होता. पण पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी आणि सौम्य ताप हे डेंगीसारखं नाही, असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं. नमुने अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सला गेले आणि झिका निघाला. पाहणीत तीन वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे 73 टक्क्यांना तो होऊन गेलेला आढळला. चाचणीवर विसंबून फाइल बंद केली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता.

आरोग्य केंद्रात मुलाचं रक्त घेतलं जातं. डेंगीसाठीची एनएस-1 पट्टी पहिल्या दिवसांत उपयोगी. अँटिबॉडी दिसायला पाचएक दिवस लागतात. पक्क्या तपासणीसाठी नळी बर्फाच्या पेटीतून राजधानी कवरत्तीला जायची, आणि जहाज पावसाळ्यात समुद्राच्या लहरीवर. "तिकडे तुमच्या महाराष्ट्राचाच किट," निरीक्षक म्हणतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, 96 खळग्यांचा. एक-दोन नमुन्यांसाठी तो उघडणं परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबायचं. आणि ताप चिकुनगुन्याचाही असू शकतो. 1973 मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेल्यावर देश त्याला जवळजवळ विसरला होता. 2005-06 मध्ये तो परतला तेव्हा ही बेटंही सुटली नाहीत. तेव्हा तरणे मच्छीमार भिंत धरून उठत होते, हे आशा कार्यकर्ती हातवाऱ्यांनीच दाखवते.

निरीक्षकाला हवा आहे गाळणकागद. बोटातून थेंबभर रक्त टिपायचं, वाळवायचं, शोषक पुडीसह पिशवीत घालून टपालात टाकायचं; बर्फ नको, पेटी नको. विषाणूचा आरएनए आणि अँटिबॉडी दोन्ही कागदावर टिकतात. ताहितीच्या प्रयोगशाळेनं पॅसिफिक बेटांच्या डेंगीसाठी हे वापरून पाहिलंय. तरी मला वाटतं, कागद आला तरी कुणाच्या बोटातून थेंब घ्यायचा, हे त्या आजीला विचारूनच ठरेल.

अहवालाची वाट न पाहता दोघं उद्याच्या जुम्म्यासाठी मशिदीच्या भोंग्यावरून सांगायचा मजकूर लिहायला बसतात. "पोखरलेले नारळ गोळा करा, फोडा," निरीक्षक लिहितो. ती पेन हातातून घेते. फोडलेल्या अर्ध्यातही पाणी साचतंच. "जाळा, नाहीतर पुरा," असं जोडते, आणि शेवटी लिहिते, घरात ताप असेल तर नमाजानंतर थांबून नाव द्या.